न जिंकलेल्या वर्षाची पताका

ग्लेन स्टॉफरनं पिझ्झाचं खोकं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं आणि मला म्हणाला, "पॉलीन, आधी हात धुऊन घे हं." माझ्या घरात, मला. बेसबॉलच्या जुन्या फेल्टच्या पताका मी निम्मं आयुष्य जमवते आहे. कुठकुठून लोक फोटो पाठवतात आणि विचारतात, बाई, ही कुठल्या सालची असेल. आणि हा गृहस्थ, जो घरं-जमिनी विकतो आणि ज्यानं ती पताका चीजच्या डागांवर अंथरून आणली होती, तो मला स्वच्छता शिकवणार. "सकाळीच धुतलेत," मी म्हटलं आणि पताका उचलली.

उचलली मात्र, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गडद निळं लोकरी फेल्ट. रुंद बाजूला शिवलेली पिवळी पट्टी आणि तिला लोंबणाऱ्या पिवळ्या झिरमिळ्या. खांद्यावर वल्हं घेतलेला नावाडी, म्हणजे कारखान्यांच्या लीगमधल्या आमच्या गावच्या संघाची, कोल्टन फेरीच्या फेरीमेनची खूण. आणि नावाड्याच्या पुढे निमुळत्या टोकापर्यंत लहान लहान होत गेलेली अक्षरं: मिल लीग विजेते १९५३.

"मैदानावरचा जुना सरबताचा स्टॉल पाडला ना, त्याच्या फळ्यांमागे सापडली," ग्लेन म्हणाला. "तुझ्याकडे सगळ्या जगाच्या पताका आहेत, फक्त आपल्या गावची नाही. म्हणून म्हटलं, पहिल्यांदा तुलाच दाखवावी."

"मिळत नाही म्हणून नाही. मी ठेवत नाही."

"तेच ते."

तेच ते नव्हतं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आम्ही एका वर्गात होतो. लहानपणापासून याची ही सवय, समोरच्याचं वाक्य गुळात घोळून परत त्याच्याच हातात द्यायचं.

"खरी आहे का, तेवढं सांग," तो म्हणाला.

नोकरी असेपर्यंत मी विमा कंपनीत दावे तपासत होते. लोक येऊन जळलेल्या माड्यांच्या आणि चोरीला गेलेल्या कोटांच्या कहाण्या सांगत आणि मी ऐकून घेई. त्यामुळे समोर काही ठेवलं की तपासल्याशिवाय मला राहवत नाही, मग ते ठेवणारा ग्लेन स्टॉफर का असेना. मी पडदे ओढले आणि जांभळा दिवा लावला. अलीकडचा धागा त्या उजेडात चुन्यासारखा पांढरा चमकतो. पट्टीची शिवण काळीच राहिली, म्हणजे जुना सुती धागा. शाईला बारीक भेगा होत्या, पण त्या वयाच्या होत्या, कुणी पाडलेल्या नव्हत्या. फेल्ट मऊ, कसरीनं दोन ठिकाणी खाल्लेलं. नकली धाग्याच्या कापडाला कसर तोंड लावत नाही. मग मी कोपरे पाहिले. पोरं पताका भिंतीला टाचतात, त्यामुळे जुन्या पताकेच्या कोपऱ्यांत टाचण्यांची भोकं असतातच. हिच्यात एकही नव्हतं. ही कधी कुणाच्या खोलीत लागली नव्हती. ही विकलीच गेली नव्हती.

"खरी आहे," मी म्हटलं. "त्रेपन्न सालचीच आहे."

ग्लेननं टेबलावर थाप मारली. "म्हणजे आपण जिंकलो होतो."

"आपण हरलो होतो, ग्लेन."

"मग ही काय आहे?"

आता जो माणूस बेसबॉलच्या गावात जन्मला, त्याला हे सांगायला लागावं? मोसमाचा शेवटचा आठवडा आला आणि आपला संघ वर असला, की पताका विकणारे आधीच 'विजेते' छापून आणतात. जिंकल्या जिंकल्या त्याच संध्याकाळी लोक हातात घेतात, दुसऱ्या दिवशी कुत्रं विचारत नाही. म्हणून मॅचच्या आधी खोकी तयार लागतात. हरलो तर खोकी जाळायची. पण एखाददुसरी कुणीतरी खिशात घालतो, फळ्यांमागे सरकवतो, आणि मग पुढं कधीतरी ती माझ्यासारखीच्या टेबलावर येते. आम्ही जमवणारे तिला भुताची पताका म्हणतो. कापड आपण कधी बनलो तेवढं सांगतं. अंगावर छापलेलं घडलं की नाही, हे त्याला कुठून कळणार. हे मी ग्लेनला सगळं सांगितलं. तो माना डोलवत होता आणि ऐकत नव्हता.

त्या मॅचचं मी काय सांगू. ती मी पाहिली नाही, तेव्हा माझा जन्म नव्हता. पण तिच्यातच मी वाढले. माझे वडील, वासिल दुदाश, म्हणजे आमचे पॉप, तेव्हा विशीचे होते आणि फेरीमेनचे कॅचर होते, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारे. शेवटची खेळी, आम्ही एका धावेनं पुढे, पाहुण्यांचा एक गडी बाद झाला की बस. त्यांच्या फलंदाजानं चेंडू सरळ आभाळात उडवला. पॉपनी तोंडावरची जाळी फेकली, चेंडूखाली उभे राहिले, चेंडू हातमोज्यात आला आणि बाहेर पडला. तेवढ्यात त्यांचे दोन गडी पळून आले आणि दोन धावा झाल्या. त्यानंतर आमच्या पोरांनाही फलंदाजीची पाळी होती, बरं का. तिघं आले आणि तिघंही हवा हाणून परत गेले. त्या तिघांची नावं गावात एकालाही आठवत नाहीत. वासिलचा सुटलेला झेल मात्र अजून आठवतो, जे त्या दिवशी पाळण्यातही नव्हते त्यांनासुद्धा.

दुसऱ्या दिवशी संघाच्या मॅनेजरनं पताकांची खोकी पॉपना उचलायला लावली. पोलाद कारखान्याच्या मागं लोखंडी पिंपात त्यांनीच ती जाळली. लोक कुंपणापाशी बघायला आले होते. कुणी सोबत डबेही आणले होते म्हणे.

आणि मग स्टॉफर. ग्लेनचे वडील, हॅरल्ड स्टॉफर, यांचं खाटकाचं दुकान. दर शनिवारी पॉप तिथे सॉसेज आणायला जात आणि मी त्यांच्याबरोबर असे. हॅरल्ड पुडकं बांधायचा, काउंटरवरून पुढे करायचा, पॉपचा हात लागतो न लागतो तोच मागे ओढायचा आणि म्हणायचा, "दोन्ही हातांनी, वासिल." दुकान हसायचं. दर शनिवारी तोच विनोद आणि दर शनिवारी तेच हसू. पॉपही हसायचे. दोन्ही हात पुढे करायचे. मी त्यांचा कोट धरून उभी असायची आणि मला त्या सगळ्यांचे दात पाडावेसे वाटायचे. अजूनही वाटतं. बरेचसे गेलेत म्हणून वाचलेत.

माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी चर्चच्या तळघरात जेवणं चालली असताना कुणीतरी आईला म्हणालं, "बाळ वासिलकडे नको देऊ गं." आईनं त्या बाईच्या अंगावर सूप ओतलं, हे मला आईनंच अभिमानानं सांगितलंय. पण पॉपनी ते मनाला लावून घेतलं. मला घ्यायचं झालं तर ते आधी जमिनीवर बसत, पाठ भिंतीला टेकवत, आणि मग आईला म्हणत, दे आता. उभ्यानं त्यांनी मला कधी उचललं नाही. माझ्या मुलालाही नाही.

हे सगळं ग्लेनला माहीत नव्हतं असं नाही. शनिवारी शाळेला सुटी, त्यामुळे तो बापाच्या शेजारी उभा राहून कागद फाडून देत असे.

"हरलो असं कोण म्हणतं पण?" तो माझ्या टेबलाशी बसून साळसूदपणे विचारत होता. "मिल लीगचे कागद कारखान्याबरोबर गेले. पेपरचं ऑफिस पुरात गेलं. कुठे काही आहे का लिहिलेलं?"

"मी म्हणते. माझा बाप म्हणतो. तुझा बाप तर रोज म्हणायचा."

"पॉलीन, ऐक. उन्हाळ्यात नवा संघ येतोय. कॉलेजची पोरं. नवं मैदान, नवी भिंत. लोकांना काहीतरी हवं ना गावाचं म्हणून? आणि अगं, यात तुझ्या वडिलांचंही भलंच आहे. त्या संघातले तेच तर एकटे राहिलेत. इतकी वर्षं बिचारे झेल सोडणारे म्हणून राहिले. आता चॅम्पियन होतील."

मानभावीपणा म्हणजे काय ते त्या दिवशी मी जवळून पाहिलं. यांनीच माणसाला आयुष्यभर मातीत घोळायचं आणि यांनीच आता त्याचे कपडे झटकून द्यायचे, आणि वर आभारही यांनाच हवेत.

"हे बघ," मी म्हटलं, "पताका खरी आहे, त्रेपन्न सालचीच आहे. पण ती मॅचच्या आधी छापलेली आहे आणि ती मॅच आपण हरलो. दोन्ही सांगणार असशील तर सांग."

"हेच तू माझ्या फोनसमोर सांग. जसंच्या तसं." त्यानं फोन वर धरला.

मी सांगितलं. जसंच्या तसं, दोन्ही वाक्यं, हळू आणि स्पष्ट. वय झालं तरी अक्कल कुठे येते माणसाला.

पुढच्या आठवड्यात मी ब्रेड आणायला गेले तर बेकरीतली मुलगी म्हणाली, "तुम्हाला पाहिलं मी फोनवर." तिनं दाखवलं. माझा चेहरा, मागे माझा फ्रिज, आणि मी म्हणतेय, पताका खरी आहे, त्रेपन्न सालचीच आहे. मग बँड वाजतो आणि अक्षरं येतात: कोल्टन फेरी, विजेत्यांचं गाव. तज्ज्ञ पॉलीन दुदाश यांच्याकडून प्रमाणित. दुसरं वाक्य कापून टाकलेलं.

मी ब्रेड न घेताच ग्लेनच्या ऑफिसात गेले. तो फोनवर कुणाला तरी तळघर कोरडं असल्याचं सांगत होता. मी त्याच्या हातातून फोन घेऊन ठेवून दिला.

"तू अर्धंच दाखवलंस."

"लांब होत होतं गं. लोक इतकं लांब बघत नाहीत."

"ग्लेन, मी तुझ्या तोंडावर हे बूट फेकून मारीन."

"मार. पण आधी ऐकून घे. मी तुझ्या वडिलांना भेटून आलो. खूश झाले ते. रविवारी मैदानावर समारंभाला येतो म्हणाले."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोरच बसले.

"तू माझ्या माघारी तिथे गेलास?"

"वृद्धाश्रमात कुणीही जाऊ शकतं, पॉलीन. केक घेऊन गेलो होतो. शर्ट शिवून नेला त्यांच्या मापाचा. निळा, पाठीवर नाव. तू उगाच त्यांच्या वतीनं भांडतेस. त्यांना हवंय ते."

हेच मला लागलं. कारण मला खरंच माहीत नव्हतं त्यांना काय हवं होतं. मी सबंध आयुष्य त्यांच्या वतीनं चिडत आले, पण त्यांना मी कधी विचारलं नव्हतं.

पॉप खिडकीशी बसले होते. शर्ट मांडीवर घडी करून ठेवलेला. एक्क्याण्णव वर्षांचा माणूस, हात अजूनही फावड्याएवढे, पण कप धरताना थरथरतात. मी आत गेले आणि कोट काढायच्या आधीच सुरू झाले. "पॉप, तुम्ही जाणार नाही आहात."

"जाणार आहे."

"ते तुम्हाला काय बनवणार आहेत माहितीय का? चॅम्पियन. हॅरल्ड स्टॉफरचा मुलगा तुमच्या गळ्यात हार घालणार आहे."

"हार नाही. शर्ट." त्यांनी शर्ट उलगडून दाखवला. "मापात आहे. बाह्या जरा लांब."

"तुम्ही हरला होतात."

"मी तिथे होतो, पॉली. मला माहितीय."

"मग?"

"मग काय. तो म्हणाला, दोन शब्द बोलाल का. मी म्हटलं, बोलीन."

"काय बोलणार?"

"दोन शब्द." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू चिडलीस की तुझ्या आईसारखी दारं आपटतेस. शेजारची मिसेस बॅबिश झोपलीय. गाडी आणशील का नाही रविवारी, तेवढं सांग. नाहीतर तो ग्लेन न्यायला येतो म्हणालाय."

मी आणीन म्हटलं. त्या माणसाच्या गाडीत पॉपना बसू देणं शक्यच नव्हतं.

त्या आठवड्यात मी कुणाशी धड बोलले नाही. माझ्या पताकांच्या खोलीत बसून राहायची. खरं तर मी रविवारी उभी राहून ओरडू शकले असते. माझ्याकडे दिवा होता, माझं नाव होतं, लोकांनी ऐकलंही असतं. पण समोर खुर्चीवर निळा शर्ट घालून पॉप बसलेले असतील आणि मी सगळ्यांना सांगणार, की हा माणूस चॅम्पियन नाही, यानं झेल सोडला. म्हणजे हॅरल्डचं काम मी पुढे चालवायचं. एका दुपारपुरतं त्यांना ते खोटं हवं असेल, गोड लागत असेल, तर ते तोंडातून काढून घेणारी मी कोण? आणि त्यांना ते गोड लागत असेल, या विचारानंच मी पुन्हा पेटायची. त्यांनी इतक्या स्वस्तात माफ करावं, एका केकवर आणि शर्टावर, हे मला सहन होत नव्हतं. त्यांच्यावरही मी चिडले होते, हे सांगून टाकते.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव मैदानावर आलं. अग्निशमन दलाच्या बायकांनी हलुश्कीच्या, म्हणजे कोबीतल्या जाड शेवयांच्या, कढया लावल्या होत्या, कोबी आणि लोण्याचा वास सुटला होता. कुणी तरी अकॉर्डियन वाजवत होतं. मैदानाच्या टोकाच्या भिंतीवर कापड टाकलेलं. ग्लेननं दोरी ओढली आणि खाली माणसाच्या उंचीची अक्षरं दिसली: विजेते १९५३. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे काचेच्या चौकटीत ती पताका ठेवली होती. मी जवळ जाऊन पाहिली. तिला इस्त्री केली होती. फेल्टला, त्या शाईला, इस्त्री. भेगांमधली शाई सपाट होऊन चकाकत होती. मी कुणाला काही बोलले नाही, पॉपच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिले आणि दोन्ही हातांनी तिची पाठ धरली.

ग्लेननं भाषण केलं. पोलाद कारखाना, आपले आजोबा-पणजोबा, जिद्द, वगैरे. मग म्हणाला, "आणि त्या विजेत्या संघाचा शेवटचा शिलेदार आज आपल्यात आहे. आमचा चॅम्पियन, वासिल दुदाश." सगळं मैदान उभं राहिलं. मी त्या चेहऱ्यांकडे पाहत होते. कितीतरी जणांच्या बापांना मी त्या दुकानात हसताना पाहिलं होतं. काहींना तर स्वतःलाच. ते आता डोळे पुसत होते, आणि मला त्या रुमालांचा इतका संताप आला की माझी बोटं खुर्चीत रुतली.

पॉप उठले नाहीत. त्यांनी माइक मागितला. तो हातात देताना ग्लेननं तो काळजीपूर्वक, दोन्ही हातांनी दिला, हे मी पाहिलं. पॉपनीही पाहिलं असावं.

"बसा," पॉप म्हणाले. लोक बसले. "ग्लेन, तू नको बसू. तू इकडे ये."

ग्लेन हसत पुढे आला. त्याला वाटलं, खांद्यावर हात ठेवायचा असेल, फोटो असेल.

"आपण जिंकलो, म्हणतोस."

"जिंकलो, मिस्टर दुदाश."

"नक्की ना? मी म्हातारा झालोय. माझी काही चूक होत असेल."

"नक्की. तुमच्या पॉलीननंच तपासून सांगितलंय." लोक हसले, प्रेमानं.

"बरं." पॉपनी मान हलवली. "मग मला एक सांग. इतके दिवस कुणाला विचारावं कळत नव्हतं. आपण जिंकलो होतो, तर तुझे वडील दर शनिवारी दुकानात मला काय म्हणायचे?"

अकॉर्डियनवाला मागे हळू वाजवत होता, तो थांबला.

"ते आपलं..." ग्लेन म्हणाला, "गंमत करायचे ते."

"हो. काय म्हणायचे?"

"आता ते जुनं..."

"तू शेजारी उभा असायचास. कागद फाडून द्यायचास. सांग की सगळ्यांना. ही पोरं नवीन आहेत, त्यांना माहीत नसेल." त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. वृद्धाश्रमात मीठ मागतात तसा आवाज.

ग्लेन इकडेतिकडे पाहू लागला. शेवटी म्हणाला, "दोन्ही हातांनी, वासिल." माइक पॉपनी त्याच्या तोंडासमोर धरला होता, त्यामुळे ते मैदानभर ऐकू गेलं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा जुन्या सवयीनं खुदकन हसला आणि त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं.

"बरोबर," पॉप म्हणाले. "मी कारखान्यात कोळशाच्या भट्टीवर होतो. आठवडाभर लालभडक कोळसा या हातांनी उपसायचो, कधी काही सांडलं नाही. शनिवारी तुझ्या वडिलांच्या दुकानात यायचो. बायको म्हणायची, मी जाते. मी म्हणायचो, नको, त्यांना म्हणू दे, मी सोडलाय ना झेल. चूक माझी आहे, तर ऐकून घेतलं पाहिजे. म्हणून ऐकलं. या पोरीला मी उभ्यानं कधी घेतलं नाही." त्यांनी मागे न बघता माझ्या हातावर हात ठेवला. "आता तू म्हणतोस, आपण जिंकलो होतो. म्हणजे मी झेल सोडलाच नाही. मग ते कशाबद्दल होतं, ग्लेन?"

ग्लेननं भिंतीकडे पाहिलं. तिथं त्याचीच अक्षरं होती. हरलो म्हणावं तर भिंत, पताका, सगळं थोतांड. जिंकलो म्हणावं तर त्याचा बाप आणि हे अख्खं गाव एका माणसाला विनाकारण आयुष्यभर छळत होतं. हे त्याला आता कळत होतं आणि त्याचे कान लाल झाले होते. खाली हलुश्कीच्या कढईशी कुणी चमचा आपटला. कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे ना वासिल, आजचा दिवस." पॉपनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्यांच्या मनात तसं काही नव्हतं," ग्लेन म्हणाला.

"त्यांच्या मनातलं मी विचारलं नाही. मी विचारलं, आपण जिंकलो का हरलो."

मी पॉपचा हात धरला. तो थरथरत नव्हता. इतकी वर्षं मला वाटत होतं की घरात चिडणारी मी आणि आई, आणि पॉप बिचारे सोसणारे. कसला बिचारेपणा. हा माणूस दर शनिवारी, दर पुडक्याला, हे साठवत आला होता आणि त्यातलं काडीएवढंही त्यानं इकडेतिकडे सांडू दिलं नव्हतं. माझा राग म्हणजे नुसती दारं आपटणं होतं.

कुणी तरी माइक घ्यायला पुढे आलं. पॉपनी तो आपल्या मांडीवर ठेवला, चालूच, आणि त्यावर तळहात ठेवला.

"सावकाश सांग," ते म्हणाले. "मला घाई नाही."